आरपार, पण कोणासाठी?

वडापाव खाऊन झाला की हातात उरलेला कागद आपण चुरगाळतो आणि फेकून देतो. पुढच्या वेळी फेकण्याआधी तो एकदा उजेडासमोर धरा. जिथे तेल लागलंय, तिथे कागद आरपार दिसायला लागलेला असतो. पलीकडची बोटं, टपरीवरचा दिवा, धूसर का होईना पण दिसतं. कागद तर तोच आहे. त्यातून काही काढून घेतलेलं नाही, उलट तेलाची भरच पडली आहे. मग भर पडल्यावर वस्तू जास्त आरपार कशी झाली?

प्रश्न वाटतो तेवढा फालतू नाही. 'पारदर्शक' हा शब्द आपण शाळेत शिकलो. काच पारदर्शक, लाकूड अपारदर्शक, बटर पेपर अर्धपारदर्शक. तीन रकाने, जोड्या लावा, गुण घ्या आणि पुढे चला. नंतर या शब्दाकडे कुणी फारसं वळून बघत नाही. गंमत अशी, की ते रकानेच थोडे फसवे आहेत. एकच काच एका प्रकाशासाठी पहिल्या रकान्यात बसते आणि वेगळ्या प्रकाशासाठी थेट दुसऱ्यात. एखादी वस्तू पारदर्शक आहे का, याचं उत्तर द्यायचं तर आधी तीन गोष्टी विचाराव्या लागतात. तिची आतली रचना कशी आहे? समोर प्रकाश कोणता आहे? आणि जाडी किती आहे? तुम्ही घेतलेला गॉगल, तुमच्या घरी येणारं इंटरनेट आणि हे वाचणारे तुमचे डोळे, सगळं या तीन प्रश्नांवर चालतं.

आत काय चाललंय?

आधी कागदाचं कोडं सोडवू. कागद म्हणजे झाडाच्या बारीक तंतूंचं जाळं आणि मधल्या फटींमध्ये हवा. तंतू स्वतः बऱ्यापैकी पारदर्शक असतात. घोळ होतो तो सीमेवर. दहावीत 'अपवर्तनांक' नावाचा आकडा शिकलात, आठवतोय? हवेचा अपवर्तनांक साधारण १, तंतूंचा सुमारे १.५. या दोन आकड्यांत फरक असल्याने हवेतून तंतूत आणि तंतूतून हवेत जाताना प्रकाश प्रत्येक वेळी वळतो आणि थोडा मागेही फिरतो. अशा हजारो सीमा ओलांडता ओलांडता तो सगळ्या दिशांना विखुरतो. पलीकडचं चित्र पुसलं जातं आणि आपल्याला दिसतो नुसता पांढरेपणा.

आता त्या फटींत तेल शिरतं. तेलाचा अपवर्तनांक साधारण १.४७, म्हणजे तंतूंच्या अगदी जवळचा. तंतूतून तेलात जाताना प्रकाशाला जवळपास काही बदललंय असं जाणवतच नाही. सीमा आहेत, पण त्यांचा त्रास संपला. प्रकाश बराचसा सरळ जातो.

ही युक्ती एकदा कळली की सगळीकडे दिसायला लागते. खडीसाखरेचा खडा आरपार असतो, तीच साखर दळली की पिठीसाखर पांढरीशुभ्र होते. बर्फाची लादी स्वच्छ, गोळेवाल्याने किसलेला बर्फ पांढरा. पदार्थ तोच, फक्त सीमा वाढल्या. एखाद्या केबिनच्या दाराला घासलेली, धुरकट काच असेल तर तिच्या खरखरीत बाजूवर सेलोटेप घट्ट चिकटवून बघा. तेवढ्या पट्टीतून आतलं स्पष्ट दिसायला लागतं, कारण टेपच्या गोंदाने काचेवरचे खाचखळगे भरून काढले. (केबिन प्राचार्यांची असेल तर प्रयोग आपापल्या जबाबदारीवर करावा.)

याच्या पुढचं उदाहरण आणखी भारी आहे. महागड्या घड्याळाची सफायर काच आणि बाइकच्या स्पार्क प्लगचा पांढरा भाग, दोन्ही मुळात एकच रसायन आहेत: ॲल्युमिनियम ऑक्साइड. घड्याळात ते एकसंध स्फटिकाच्या रूपात असतं, म्हणून आरपार. स्पार्क प्लगमध्ये असंख्य बारीक कण भाजून एकमेकांना चिकटवलेले असतात, मधे सूक्ष्म पोकळ्या राहतात, म्हणून पांढरं. पदार्थाचं नाव तेच, फक्त कण कसे बसलेत यात फरक.

२०२४ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी हीच कल्पना जिवंत प्राण्यावर वापरली. त्वचेत पाणी, चरबी, प्रथिनं असे वेगवेगळ्या अपवर्तनांकाचे पदार्थ शेजारी शेजारी असतात. म्हणून प्रकाश आत शिरला तरी विखुरतो. संशोधकांनी टार्ट्राझीन हा खाद्यपदार्थांत वापरला जाणारा पिवळा रंग पाण्यात विरघळवून उंदराच्या कातडीवर चोळला. त्या रंगामुळे आतल्या पाण्याचा अपवर्तनांक वाढून चरबी-प्रथिनांच्या जवळ गेला, आणि लाल प्रकाशात उंदराच्या पोटातली आतडी हलताना दिसली. रंग धुतला की कातडी पुन्हा पहिल्यासारखी. 'सायन्स' या नियतकालिकात हा शोध छापून आला. माणसाची कातडी उंदरापेक्षा बरीच जाड असते, तेव्हा स्वयंपाकघरातला पिवळा रंग अंगाला फासून बसू नका. पण सुई न टोचता शीर शोधता येण्याची वाट त्यातून दिसते आहे. आणि त्यामागचं तत्त्व वडापावच्या कागदाचंच आहे.

प्रकाश कोणता?

हे झालं विखुरण्याचं. पण प्रकाश विखुरला नाही तरी वाटेत गिळला जाऊ शकतो. कोणता प्रकाश गिळला जाणार, हे पदार्थातले इलेक्ट्रॉन ठरवतात. इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर चढायला ठरावीक ऊर्जा लागते. काचेत ही पायरी इतकी उंच आहे, की आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा तिथवर पोचवायला पुरतच नाही. इलेक्ट्रॉन तो कण घेतच नाही आणि प्रकाश सरळ निघून जातो. मोबाइलच्या चिपमधल्या सिलिकॉनमध्ये पायरी बुटकी आहे. तिथे दृश्य प्रकाश गिळला जातो, म्हणून सिलिकॉन आपल्याला काळपट, चकचकीत दिसतं. पण त्याहून कमी ऊर्जेचा अवरक्त प्रकाश सिलिकॉनमधून छान आरपार जातो. आपले डोळे अवरक्त पाहू शकले असते, तर सिलिकॉनच्या खिडक्या बसवता आल्या असत्या.

उलटही होतं. शरीरातून निघणारी उष्णता म्हणजे अवरक्त प्रकाशच, पण बऱ्याच लांब तरंगलांबीचा. साधी काच तो अडवते. थर्मल कॅमेऱ्यात चष्मा घातलेला माणूस पाहिला तर चष्म्याच्या जागी गडद ठिपके दिसतात, डोळे दिसत नाहीत. त्याच कॅमेऱ्यासमोर कचऱ्याची पातळ काळी पिशवी धरा, मागचा हात बऱ्यापैकी स्पष्ट दिसतो. आता सांगा, काच पारदर्शक की पिशवी?

हे सगळं कॅमेऱ्यापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण उन्हातले अतिनील किरण रोज आपल्या अंगावर पडतात. साध्या खिडकीच्या काचेतून त्यातले 'यूव्ही-बी' जवळजवळ येत नाहीत, 'यूव्ही-ए' मात्र बरेचसे येतात. म्हणजे बंद खिडकीआड कोवळ्या उन्हात बसून ड जीवनसत्त्व मिळेल ही आशा सोडा, कारण त्यासाठी यूव्ही-बी लागतात. आणि काचेआड आहोत, त्वचेला काही होणार नाही, ही समजूतही सोडा. २०१२ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या एका ट्रकचालकाचा फोटो छापला गेला होता. २८ वर्षं ट्रक चालवल्यावर त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी, खोल सुरकुत्यांची झाली होती.

आता गॉगल. रस्त्यावर शंभर-दीडशे रुपयांत घेतलेला काळाभोर गॉगल घातला की डोळ्यांना बरं वाटतं. पण काळा म्हणजे दृश्य प्रकाशासाठी काळा. अतिनील किरणांसाठी तो किती पारदर्शक आहे, हे रंगावरून अजिबात कळत नाही. उलट अंधार झाला म्हणून डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि गॉगल अतिनील किरण अडवत नसेल तर ते आत जास्त शिरतात. गंमत बघा, हेल्मेटच्या काचेसाठी वापरतात ते रंगहीन पॉलिकार्बोनेट अतिनील किरण जवळपास पूर्ण अडवतं. म्हणून गॉगल घेताना काळेपणा पाहू नका, तो 'यूव्ही ४००' आहे का ते विचारा. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण तो अडवतो, असा त्या आकड्याचा अर्थ. नुसत्या स्टिकरवरही जाऊ नका. चष्म्याच्या बऱ्याच दुकानांत हे तपासायचं यंत्र असतं.

आपल्या डोक्यावरची हवासुद्धा अशीच निवडक आहे. दृश्य प्रकाश ती आत सोडते, रेडिओ लहरी सोडते. म्हणून नारायणगावजवळ खोडदला 'जीएमआरटी' ही रेडिओ दुर्बीण जमिनीवर उभी राहू शकली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या भर दिवसा, ढगाळ आभाळातूनही तारे आणि दीर्घिका 'बघतात'. एक्स-रे मात्र हवा अडवते, म्हणून ते टिपण्यासाठी भारताला २०१५ मध्ये 'ॲस्ट्रोसॅट' हा उपग्रह अवकाशात पाठवावा लागला. जॉन टिंडाल या शास्त्रज्ञाने १८५९ पासून वेगवेगळे वायू नळीत भरून त्यांच्यातून उष्णता कितपत आरपार जाते हे मोजलं. डोळ्यांना सगळे वायू सारखेच स्वच्छ दिसत होते, पण कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ उष्णता अडवत होते. आज ज्याला आपण हवामान बदल म्हणतो, त्याचं मूळ इथे आहे. सूर्याचा प्रकाश आत येतो, जमिनीची उष्णता बाहेर जाताना अडते. आपल्याला आभाळ तेवढंच स्वच्छ दिसतं आणि पृथ्वी तापत राहते.

जाडी किती?

खिडकीच्या काचेकडे समोरून पाहिलं तर ती रंगहीन वाटते. तिच्या कडेने, लांबीच्या दिशेने पाहा, हिरवी दिसेल. काचेत थोडं लोह असतं, ते प्रकाश किंचित शोषतं. चार-पाच मिलिमीटरमध्ये ते जाणवत नाही, दोन-तीन फुटांत जाणवतं. पारदर्शकता 'हो' किंवा 'नाही'मध्ये न सांगता टक्क्यांत सांगावी लागते ती यामुळे. मोटार वाहन नियमांतही तसंच आहे. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे.

मग किलोमीटरभर जाडीच्या काचेतून काय दिसणार? काहीच नाही, असंच १९६०च्या दशकात बहुतेकांना वाटत होतं. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी सहकाऱ्यासोबत मांडलं, की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या भेसळीचा आहे. काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्या केसासारख्या धाग्यातून संदेश दूरवर पाठवता येतील. पुढे तेच झालं आणि २००९ मध्ये काओ यांना नोबेल मिळालं. आजच्या चांगल्या ऑप्टिकल फायबरमध्ये साधारण पंधरा किलोमीटर काच पार केल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो. म्हणजे जवळजवळ सीएसएमटीपासून कुर्ल्यापर्यंत सलग काच, आणि तरी प्रकाश पोचतो. त्यासाठी वापरतात तोही अवरक्त प्रकाश, कारण या काचेला सगळ्यात जास्त पारदर्शक व्हायला तोच मानवतो. रात्री दोन वाजता तुम्ही स्क्रोल करत असलेलं रील याच वाटेने आलेलं असतं.

आणि आपण?

काच, साखर, हवा ठीक आहे. पण हे सगळं पाहायला ज्यातून प्रकाश आत येतो, ती शरीरातली जिवंत खिडकी राहिलीच. आपलं शरीर रक्त-मांसाचं आहे आणि मांस आरपार नसतं. मग डोळ्याचा पुढचा भाग आरपार कसा?

सगळ्यात पुढे कॉर्निया, म्हणजे पुस्तकातलं पारपटल. जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. ते कोलॅजनच्या तंतूंचं बनलेलं असतं, आणि आपली पांढरी, अपारदर्शक नसही कोलॅजनचीच असते... म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी. फरक पुन्हा रचनेचा. कॉर्नियात हे तंतू एकसारख्या जाडीचे, एकसारख्या अंतरावर आणि प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच जवळजवळ बसलेले असतात, म्हणून प्रकाश विखुरत नाही. त्यात रक्तवाहिन्या नसतात. मागच्या बाजूचा पेशींचा एक थर सतत पाणी बाहेर उपसत असतो. तो थकला तर कॉर्निया फुगतो, तंतूंची अंतरं बिघडतात आणि खिडकी धुरकट होते.

रक्त नाही, मग ऑक्सिजन कुठून? बराचसा थेट हवेतून. कॉन्टॅक्ट लेन्स घालून झोपू नका, असं डॉक्टर सांगतात ते उगाच नाही. मिटलेली पापणी आणि वर लेन्स, म्हणजे कॉर्नियाचा श्वास दोन्हीकडून दाबला जातो आणि संसर्गाचा धोका वाढतो. नळाच्या पाण्याने लेन्स धुणं, घालून पोहणं यातही तोच धोका. खोल संसर्ग बरा झाला तरी मागे व्रण राहतो. तिथले तंतू पुन्हा पहिल्यासारखे ओळीत बसत नाहीत, आणि पांढरा डाग कायमचा राहतो. गावाकडे याला 'डोळ्यात फूल पडणं' म्हणतात. शेतात उसाचं पातं किंवा भाताचं तूस डोळ्याला लागून, त्यात बुरशीचा संसर्ग होऊनही असं फूल पडतं. तेव्हा डोळ्याला काही लागलं तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

कॉर्नियाच्या मागे बाहुली आणि तिच्या मागे भिंग. इथल्या पेशींनी पारदर्शक होण्यासाठी मोठी किंमत मोजलेली असते. प्रकाश विखुरू नये म्हणून त्या वाढताना स्वतःचं केंद्रकसुद्धा काढून टाकतात. त्यामुळे त्यांना नंतर नवीन प्रथिनं बनवता येत नाहीत. भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं तुम्ही जन्माला येण्याआधी तयार झाली आणि तीच जन्मभर पुरवायची. वर्षांनुवर्षांचं ऊन, मधुमेह, धूम्रपान, वय यांमुळे ती बिघडतात आणि एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. अंडं तव्यावर फोडलं की आरपार असलेला बलक-भोवतालचा भाग पांढरा होतो ना, साधारण तसंच, फक्त फार हळू. तोच मोतीबिंदू. गॉगलची एवढी चर्चा का केली, हे आता कळलं असेल.

मोतीबिंदू काढून आत कृत्रिम भिंग बसवायची कल्पनाही एका पारदर्शक वस्तूमुळेच सुचली. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या कॉकपिटचं ॲक्रिलिक फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत तुकडे गेले. इंग्लंडचे डॉक्टर हॅरल्ड रिडली यांच्या लक्षात आलं, की डोळा हे तुकडे मुकाट्याने सहन करतोय. पुढे त्यांचं ऑपरेशन पाहायला आलेल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने विचारलं, की भिंग काढता, मग त्या जागी दुसरं का बसवत नाही? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनमध्ये रिडली यांनी ॲक्रिलिकचं पहिलं भिंग डोळ्यात बसवलं. तुमच्या आजी-आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, तर त्यांच्या डोळ्यातलं भिंग याच वंशातलं आहे.

कॉर्नियाचं मात्र तसं नाही. भिंग कारखान्यात बनतं, पण खराब झालेल्या कॉर्नियासाठी आजही मुख्य आधार दुसऱ्या माणसाच्या कॉर्नियाचाच. १९०५ मध्ये एडुआर्ड झिर्म यांनी चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं. कॉर्नियात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे शरीर परकं म्हणून तो इतर अवयवांइतक्या सहज नाकारत नाही. आरपार राहण्यासाठीची ती सोय इथे दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा असतो. कॉलेजमध्ये रांगोळी, पोस्टर, फॉर्म सगळं होतं. पण प्रत्यक्षात नेत्रदान होतं ते घरात मृत्यू झाल्यावर, आणि निर्णय असतो घरच्यांचा. वेळ साधारण सहा तासांची. त्या वेळी घरातली मोठी माणसं दुःखात असतात. नेत्रपेढीला फोन करणारं कुणीतरी लागतं, आणि ते काम बहुतेकदा घरातला कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी करू शकते. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, वय ऐंशी होतं, यातलं काहीही आड येत नाही, कारण लागतो तो कॉर्निया. फॉर्म भरलेला नसला तरी नातेवाइकांच्या संमतीने दान होतं. टीम येईपर्यंत पापण्या मिटवायच्या, त्यावर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची. बस. एका माणसाच्या दोन कॉर्नियांमुळे दोघांना दिसू शकतं.

आज रात्री जेवताना घरी हा विषय काढून बघा. जवळच्या नेत्रपेढीचा नंबर शोधून फोनमध्ये टाकून ठेवा, आणि तो कुठे आहे हे घरात आणखी एकाला सांगा.